फोन नुसता पडून असतो, मग बॅटरी जाते कुठे?



कृषी खात्याचा माणूस गावात आला की लोक त्याला अळी, खत आणि अनुदान या तीन गोष्टी विचारतात, हा माझा पंचवीस-तीस वर्षांचा अनुभव. अलीकडे त्यात चौथ्या प्रश्नाची भर पडली आहे. "साहेब, रात्री फोन शंभर टक्के करून उशाशी ठेवला. कुणाचा फोन आला नाही, मी कुणाला केला नाही. सकाळी बघतो तर ऐंशी. हे वीस टक्के गेले कुठे?"

प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. रात्रपाळीची वीज आली म्हणून तुम्ही एकटे पाणी द्यायला रानात गेलात, पाय सापावर पडला आणि १०८ किंवा ११२ लावायला फोन काढावा तर तो मेलेला, असे झाले तर? घरी मुलाबाळांसह राहणाऱ्या भगिनींची गोष्ट तर आणखी वेगळी. बहुतेक घरांत नवा फोन कर्त्या माणसाकडे किंवा कॉलेजच्या पोराकडे असतो. त्याने टाकून दिलेला, दमलेल्या बॅटरीचा जुना फोन घरातल्या बाईकडे किंवा सासूबाईंकडे येतो. म्हणजे ज्या घरात दिवसभर कुणी मदतीला नसते, तिथेच सर्वांत कच्चा फोन. शिवाय ई-पीक पाहणीचा फोटो बांधावर उभे राहूनच काढावा लागतो आणि बँकेचा ओटीपी यायला फोन चालू असावा लागतो. तेव्हा या पाझराचा शोध घेणे योग्यच आहे.

आधी विजेचा हिशेब सांगतो, म्हणजे एक चिंता मिटेल. आजच्या बहुतेक फोनांच्या खोक्यावर ५००० एमएएच असे लिहिलेले असते. एवढ्या बॅटरीत सुमारे १९ वॉट-तास वीज मावते. नऊ वॉटचा एलईडी दिवा तेवढ्या विजेवर दोन तास जळेल, बस्स. चार्जरमधली गळती धरली तरी एका युनिटात फोन चाळीसएक वेळा भरतो. तुमचा पाच हॉर्सपॉवरचा पंप तासाभरात जी वीज खातो, तीत दीडशे वेळा भरेल. त्यामुळे वीजबिलाच्या नावाने काळजी करू नका. नुकसान होते ते ऐनवेळी फोन बंद पडण्याचे आणि बॅटरीचे आयुष्य लवकर सरण्याचे.

फोन झोपतो, पण कान उघडे ठेवून

तुमच्या खळ्यावरचा राखणीचा कुत्रा आठवा. डोळे मिटून पडलेला असतो, पण पान हलले तरी कान टवकारतो. पडून असलेला फोन तसाच असतो. पडदा काळा झाला म्हणजे फोन बंद झाला, असे नव्हे. साधारण दर एक-दोन सेकंदांनी तो क्षणभर जागा होतो, 'माझ्यासाठी काही निरोप आहे का?' म्हणून टॉवरकडे कान देतो आणि पुन्हा झोपतो. हे ऐकणे इतके थोडा वेळ चालते की चांगल्या रेंजमध्ये त्याला वीज नगण्य लागते. अँड्रॉइड फोनांत २०१५ सालापासून गाढ झोपेचीही सोय आली. फोन एका जागी निश्चल पडला की निरनिराळ्या ॲपची कामे तो थोपवून धरतो आणि अधूनमधून जागा होऊन एकदम उरकतो. असा निरोगी फोन रात्रीच्या आठ तासांत दोन ते पाच टक्के खातो. तेवढे खाणे हा त्याचा पगार समजा.

दहा, पंधरा, वीस टक्के जात असतील तर मात्र कुत्र्याला कुणीतरी रात्रभर उठवते आहे. खेड्यात हे उठवणारे मुख्यतः दोन: दूरचा टॉवर आणि आतली ॲप.

टॉवर आधी घेतो, कारण शहरातले लोक बॅटरीविषयी जे सल्ले देतात, त्यांत नेमका हाच राहून जातो. शेजारच्या माणसाशी आपण हळू बोलतो आणि नाल्यापलीकडच्या गड्याला हाक मारायची तर ओरडावे लागते. फोनचेही असेच. टॉवर जवळ असला तर अगदी क्षीण ताकदीने त्याचे काम भागते, दूर असला तर पूर्ण जोर लावावा लागतो. ४जी फोनचा पूर्ण जोर म्हणजे वॉटचा पाचवा भाग. ऐकायला थोडा वाटतो, पण जवळच्या टॉवरशी बोलताना लागते त्याच्या तो शेकडो पट असू शकतो. त्याहून वाईट म्हणजे रेंज येते-जाते अशी जागा. सह्याद्रीच्या कुशीतली गावे, मेळघाट, धडगावचा डोंगरी भाग इथल्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको. रेंज गेली की फोन एकेक पट्टा चाचपत टॉवर शोधत बसतो. सापडला की नाव नोंदवतो, पुन्हा सुटला की पुन्हा शोध. दोन टॉवरांच्या मधोमध घर असेल तर रात्रभर या घरातून त्या घरात येरझारा. तुम्ही गाढ झोपेत आणि फोन मात्र वणवण फिरतो आहे!

यावर उपाय आहेत आणि ते फुकट आहेत. फोन लोखंडी कपाटात, पेटीत किंवा पत्र्याच्या भिंतीला टेकून ठेवू नका. धातू लहरी अडवतो. खिडकीशेजारचा कोनाडा, थोडी उंच जागा पाहा. हातभर जागा बदलली तरी रेंजची एखादी दांडी वाढते, हे तुम्ही स्वतःच पाहिले असेल. फोनमध्ये दोन सिम असतील आणि त्यांतल्या एकाला गावात रेंजच नसेल तर सेटिंग्जमध्ये जाऊन ते सिम तात्पुरते बंद करा. नसलेला टॉवर शोधण्यात ते दुसऱ्याच्या वाटची बॅटरी खाते. मात्र आधार आणि बँकेला कोणता नंबर जोडलेला आहे, ते आधी पाहून घ्या, नाहीतर ओटीपीसाठी बँकेत ताटकळत बसाल. आपल्याकडे ऑक्टोबर २०२२ मध्ये ५जी सुरू झाले, पण तुमच्या शिवारात ते येऊन-जाऊन असेल तर नेटवर्कची पसंती ४जीवर ठेवणे चांगले. घरी वायफाय असेल तर वायफाय कॉलिंग चालू करा, म्हणजे रेंज नसली तरी फोन येतात.

आता ॲप. व्हॉट्सॲपवर तुमचे किती ग्रुप आहेत, मोजून पाहा. भावकीचा, सोसायटीचा, दूधडेअरीचा, कांदा बाजारभावाचा, शाळेच्या जुन्या मित्रांचा, बचत गटाचा. प्रत्येक निरोपासरशी फोन उठतो आणि निरोप उतरवून झाल्यावरही रेडिओ लगेच झोपत नाही, आणखी काही आले तर म्हणून काही सेकंद जागाच राहतो. पहाटे पाचपासून सुप्रभातच्या फुलांची जी रांग लागते, तिचा हिशेब तुम्हीच करा. पुष्कळ जण ग्रुप म्यूट करतात आणि समजतात की काम झाले. म्यूट केल्याने फक्त आवाज थांबतो, निरोप आणि फोटो येतच राहतात. फोटो-व्हिडिओ आपोआप उतरून घेण्याची सोय व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये 'स्टोरेज आणि डेटा' या सदरात बंद करता येते. ती बंद करा. जो फोटो पाहायचा, तो बोट लावून उतरवा.

दुसरे म्हणजे लोकेशन. काही ॲप 'नेहमी परवानगी द्या' असे मागून घेतात आणि तुम्ही कुठे आहात ते सतत पाहत राहतात. बहुतेकांना 'ॲप वापरताना' एवढीच परवानगी पुरते. यात एक अपवाद मी आवर्जून सांगेन. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विजेची पूर्वसूचना देणारे 'दामिनी' ॲप तयार केले आहे. मृगाच्या आधीच्या वळवात आणि परतीच्या पावसात शिवारात काम करणाऱ्याने त्याचे लोकेशन आणि डेटा बंद करू नये. चार टक्के बॅटरी वाचवायला जीव धोक्यात घालू नका.

तीन रात्रींचे प्रात्यक्षिक

तुमच्या फोनची चोरी टॉवर करतो की ॲप, हे मी इथे बसून सांगू शकत नाही. पण नवे वाण चांगले की जुने, हे आपण शेजारी-शेजारी प्लॉट टाकून ठरवतो ना? तसेच करा. कागद-पेन्सिल घ्या. तिन्ही रात्री फोन साधारण ऐंशी टक्क्यांवर असताना, त्याच जागी, तेवढेच आठ तास ठेवा आणि झोपताना व उठल्यावर आकडा लिहा.

पहिली रात्र, फोन नेहमीसारखा. दुसरी रात्र, विमान मोडवर. म्हणजे टॉवरशी संबंध तुटला, पण फोन चालू. त्यात वायफायही बंद आहे ना, ते पाहा. तिसरी रात्र, पूर्ण बंद. घरात कुणी आजारी असेल किंवा कुणी रात्री रानात जाणार असेल तर दुसरी-तिसरी रात्र पुढे ढकला किंवा घरात दुसरा फोन चालू ठेवा, कारण त्या दोन रात्री या फोनवर कुणाचाच कॉल येणार नाही.

आता आकडे वाचू. पहिल्या रात्री पंधरा आणि दुसऱ्या रात्री एक-दोन गेले, तर बॅटरी निर्दोष आहे. चोरी टॉवर किंवा इंटरनेटच्या वाटेने होते. मग चौथी रात्र घ्या. सिम चालू, पण मोबाईल डेटा बंद आणि वायफायही बंद. घट थांबली तर दोष ॲपचा, नाही थांबली तर रेंजचा. विमान मोडवरही आठ-दहा टक्के गेले तर एखादे ॲप फोनला झोपूच देत नाही. सेटिंग्जमध्ये 'बॅटरी' उघडले की कोणत्या ॲपने किती खाल्ली, ते ओळीने दिसते. वरचे नाव ओळखीचे नसेल तर ते काढून टाका. कर्ज देतो, बक्षीस देतो म्हणणारी ॲप तर विचार न करता काढा. आणि पूर्ण बंद असतानाही पाच-दहा टक्के जात असतील तर बॅटरी म्हातारी झाली आहे किंवा आत ओल गेली आहे. पावसाचे पाणी, फवारणीचे द्रावण किंवा घाम चार्जिंगच्या खाचेतून आत शिरला तर तांब्याच्या नाजूक रेषांमधून वीज झिरपत राहते. असा फोन जाणकार कारागिराकडे न्या. तांदळाच्या डब्यात ठेवण्याचा उपाय करू नका. तांदळाची भुकटी आत जाते आणि ओल तिथेच राहते.

माझा साधा सल्ला असा की रात्री फोन बंद करू नका, डेटा बंद करा. साधा कॉल येतो, एसएमएस येतो, ओटीपी येतो. मुलगा परगावी असेल आणि फक्त व्हॉट्सॲपवरूनच बोलत असेल तर त्याला सांगून ठेवा की रात्री साधा फोन लावायचा.

बंद फोनही थोडे खातोच

पूर्ण बंद केलेल्या फोनातही घड्याळ चालू असते आणि वीज सांभाळणारी एक चिप जागी असते. काही महागडे नवे फोन तर चोरीला गेल्यास सापडावेत म्हणून बंद असतानाही मंद खूण देत राहतात. शिवाय बॅटरीच्या पोटात रासायनिक क्रिया हळूहळू चालू असते. कणगीतले धान्य श्वास घेते, तशी. सगळे मिळून चांगल्या लिथियम बॅटरीतून महिन्याला दोन-तीन टक्के जातात. तेव्हा एका रात्रीत बंद फोनाचा एखादा टक्का कमी दिसला तर घाबरू नका. फोन सुरू होताना स्वतःच थोडी वीज खातो आणि टक्क्यांचा आकडाही विहिरीत दोरी सोडून मोजल्यासारखा नसतो. फोन विजेच्या दाबावरून आणि किती वीज आली-गेली यावरून तो अंदाजाने काढतो. निफाडकडच्या कडाक्याच्या थंडीत सकाळी आकडा झपकन खाली येतो आणि ऊन लागले की फोन पुन्हा तरतरीत होतो, हे त्यामुळेच. जुन्या बॅटरीत वीस टक्के दाखवून फोटो काढताक्षणी फोन बंद पडतो. ई-पीक पाहणीला जाताना अशा फोनाच्या वीस टक्क्यांवर विसंबू नका.

इथे दोन नुकसानींमधला फरक ध्यानात घ्या. शेततळ्यातले पाणी आटले तर ते पुन्हा भरता येते. पण गाळ साचला तर तळे काठोकाठ भरूनही पाणी कमीच. रात्री गेलेले टक्के हे आटलेले पाणी. बॅटरीतला गाळ म्हणजे तिची कायमची घटलेली क्षमता, आणि हा गाळ काढणारे यंत्र अजून निघालेले नाही. साधारण पाचशे ते आठशे वेळा पूर्ण भरून झाली की बॅटरीची क्षमता ऐंशी टक्क्यांच्या आसपास येते.

हा गाळ सर्वांत लवकर कशाने साचतो? उष्णतेने. बियाणे साठवताना तापमान पाच अंशांनी उतरले की बियाण्याचे आयुष्य दुप्पट होते, असा एक ठोकताळा आम्हाला शिकवतात. बॅटरीची प्रकृती काहीशी त्याच वळणाची आहे. वापराविना वर्षभर ठेवलेल्या बॅटरीचे ढोबळ आकडे असे आहेत: चाळीस टक्के भरून २५ अंशांत ठेवली तर वर्षाने सुमारे ९६ टक्के क्षमता उरते; पूर्ण भरून ४० अंशांत ठेवली तर सुमारे ६५. अकोला, चंद्रपूरकडे मे महिन्यात पत्र्याखाली किती तापते, ते मी सांगायला नको. पूर्ण भरलेली आणि तापलेली बॅटरी, हे जोडपे सर्वांत वाईट. म्हणून ट्रॅक्टरच्या बॉनेटवर, मोटारसायकलच्या हँडलवर उन्हात, चुलीजवळ किंवा उशीखाली चार्जिंगला लावून फोन ठेवू नका. तापला म्हणून ओल्या फडक्यात गुंडाळू नका, फ्रीजमध्येही नको. आत दहिवर साचते. सावलीत, वाऱ्यावर ठेवा. रोजच्या वापरात वीस ते ऐंशीच्या दरम्यान ठेवला तर उत्तम, पण रानात दिवसभर जायचे असेल तर खुशाल शंभर करा. बॅटरी आपल्यासाठी आहे, आपण बॅटरीसाठी नाही.

महिन्यातून एकदा फोन पार शून्यावर आणावा, हा सल्ला अजून ऐकू येतो. तो जुन्या निकेल-कॅडमियम बॅटरीचा आहे. लिथियम बॅटरी बाजारात आली १९९१ साली आणि ती घडवणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना २०१९ चे नोबेल मिळाले, पण सल्ला काही बदलला नाही! 'बॅटरी वाचवणारे' ॲप उतरवणे आणि दर पाच मिनिटांनी सगळी ॲप झटकून बंद करणे, यांनीही फायदा होत नाही. झटकलेले ॲप पुन्हा उघडताना जास्तच वीज लागते.

जाता जाता फवारणी पंपाविषयी सांगतो, कारण यात पुष्कळांची गल्लत होते. पाठीवरच्या बॅटरी पंपात बहुधा शिसे-आम्लाची बॅटरी असते, ट्रॅक्टरमध्येही तीच. तिचा नियम फोनच्या नेमका उलटा. हंगाम संपल्यावर ती पूर्ण भरून ठेवायची आणि दर महिना-दोन महिन्यांनी भरत राहायचे. अर्धी किंवा रिकामी ठेवली तर आत सल्फेट साचून पुढच्या हंगामात ती उठत नाही. फोनची लिथियम बॅटरी मात्र साठवायची तर अर्धी भरून. पंप नव्या लिथियम बॅटरीचा असेल तर त्यालाही फोनचाच नियम लावा. पंपावरची चिठ्ठी वाचा म्हणजे कळेल.

जुना फोन अडीअडचणीला म्हणून कपाटात ठेवणार असाल तर पन्नास टक्क्यांवर आणून पूर्ण बंद करा आणि थंड, कोरड्या जागी ठेवा. दर सहा महिन्यांनी काढून पुन्हा पन्नासवर आणायचा. दिवाळी आणि अक्षय्य तृतीया असे ठरवून टाका, म्हणजे विसरणार नाही. वर्षानुवर्षे रिकामा पडला तर दाब इतका उतरतो की बॅटरी आतून बिघडते आणि मग चार्जर लावला तरी घेत नाही.

काढताना पाठ उचललेली दिसली, पडदा कडेने सुटल्यासारखा वाटला, तर बॅटरी फुगली आहे. तो फोन चार्जिंगला लावू नका, दाबू नका, मुलांच्या हाती देऊ नका. टाचणीने गॅस काढण्याचा उद्योग कुणी करू नये. अशी बॅटरी पेट घेते. उकिरड्यात किंवा चुलीत तर मुळीच नाही. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी बॅटरी बनवणाऱ्यांवर आहे. तेव्हा मातीच्या किंवा पत्र्याच्या भांड्यात, कोरड्या वाळूवर ठेवून ती तालुक्याच्या सेवा केंद्रात पोचती करा.